‘भाऊसाहेब, हप्ता कधी पडंल?’

जोतं पूर्ण झालंय. काळ्या दगडाचं, वर सिमेंटचा पट्टा, आत मुरूम भरून चोपलेला. तरुण अभियंता मोटारसायकल बाभळीखाली लावतो, मोबाइल काढतो आणि ऊन पाठीशी राहील असा कोपरा शोधतो. फोटोत जोतं पुरतं दिसायला हवं, घरमालकीण दिसायला हवी आणि फोनला जागेचे अक्षांश-रेखांश मिळायला हवेत. पहिल्या दोन गोष्टी लगेच जमतात. तिसरीसाठी तो बांधावर चढतो, फोन उंच धरतो, परत येतो. पडद्यावरचं चक्र फिरतच राहतं.

“मावशी, हलू नका जरा.”

“हलत न्हाई रं बाबा. पर हप्ता कधी पडंल त्ये सांग की.”

या प्रश्नाला त्याच्याकडे खरं उत्तर नाही. फोटो अपलोड करणं त्याच्या हातात. तो मान्य झाला की तालुक्याच्या पंचायत समितीत निधी वर्ग करण्याचा आदेश तयार होतो, त्यावर एकामागोमाग दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या होतात आणि वर निधी असेल तर पैसे थेट मावशींच्या खात्यात पडतात. यातल्या शेवटच्या तीन पायऱ्या त्याला दिसतही नाहीत. मावशींना मात्र सगळ्या शासनाचं मिळून एकच तोंड दिसतं, बाभळीखाली उभं असलेलं. सिमेंटच्या दुकानदाराची उधारी, गवंड्याची मजुरी आणि पावसाच्या आत स्लॅब पडेल की नाही ही धास्ती, हे सगळं त्या तोंडाला विचारलं जातं.

‘घर’ या विषयावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा घरात राहणाऱ्यांवर पुष्कळ लिहिलं जाईल असं वाटलं. गरिबाचं घर सरकारी पैशातून उभं करताना जे कर्मचारी रोज दारोदार जातात, त्यांना कोण सांभाळतं, हे पाहायला मी मंगळवेढा तालुक्यात गेले. ज्यांच्याशी बोलले त्यांनी नाव छापू नका असं सांगितलं. ते मी पाळलंय.

काळी आणि पांढरी

जुन्या गावगाड्यात वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणत आणि पिकाच्या जमिनीला काळी. मंगळवेढ्याची काळी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. खोल, चिकण, ओल धरून ठेवणारी. रब्बीत वरून पाण्याचा थेंब नसताना इथली ज्वारी उभी राहते ती या मातीने पोटात राखलेल्या ओलीवर, आणि त्याच ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पीक पोसणारी ही माती घर मात्र धरत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन वर्षांत भिंत तिरकी चिरते. उपाय सगळ्या गवंड्यांना माहीत आहे: मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर काळी उपसून बाहेर काढा आणि मुरूम भरून चोपा. म्हणजे जेसीबीचे तास आणि मुरमाच्या खेपा. इथल्या लोकांच्या तोंडी एक वाक्य सारखं येतं, “पैसं जोत्यातच गेलं.”

पूर्वी घर काळीत बांधायची वेळ क्वचित यायची. आता गावठाणं भरली, भाऊ वेगळे झाले, आणि घरकुल मंजूर झालं की जागा शोधताना माणूस शेताच्या बांधाशी येतो. सपाट प्रदेशात प्रधानमंत्री आवास योजनेचं अनुदान १ लाख २० हजार रुपये. योजना २०१६ मध्ये नव्या रूपात आली तेव्हाही हाच आकडा होता. त्याला रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार जोडले जातात. राज्य सरकारने २०२५ मध्ये आणखी ५० हजार द्यायचं ठरवलं, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. पाच ब्रास वाळूही मोफत ठरली. पण पहिला हप्ता १५ हजारांचा. खोल पायाच्या खड्ड्यासमोर तो काय पुरणार?

अशा वेळी अभियंत्याचं ज्ञान आणि त्याचं मन यांच्यात ओढाताण सुरू होते. खोल खणा असं सांगावं तर घरमालक विचारतो, “जादाचं पैसं तुमी देताय का?” गप्प बसावं तर भिंत चिरल्यावर बोल त्यालाच. शिवाय नुसतं जोतं बांधून काम अडलेल्यांची यादी महिनाअखेरीस त्याच्याच नावासमोर लागते. या पेचात काय करावं हे विचारायला त्याला कोणी वडीलधारा नाही. नकाशा तपासणारे आहेत, आकडे विचारणारे आहेत. एखाद्या ठिकाणी मान्य नमुना थोडा बदलून, खोली लहान करून, पाया मजबूत करता येईल का, यावर शांतपणे डोकं लावणारा सोबती नाही. घराचं क्षेत्र किमान २५ चौरस मीटर हवं, हा नियम त्याला पाठ आहे. त्या नियमाच्या आत एका विधवेचं घर कसं बसवायचं, हा प्रश्न त्याला एकट्यालाच सोडवावा लागतो.

हे ग्रामीण गृहनिर्माण अभियंते बहुतेक पंचविशी-तिशीतले. पदविका किंवा पदवी घेऊन आलेले, शासनाच्या कायम सेवेत नसलेले, बाह्यस्रोत संस्थेमार्फत नेमलेले. काम कमी भरलं तर आपण राहू की नाही याची खात्री नाही. त्यामुळे अडचण वर सांगणं म्हणजे स्वतःची नालायकी कबूल करणं, असं त्यांना वाटतं. मला त्यांचं हे गप्प राहणं सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं.

‘नाही’ सांगायची नोकरी

गावात या अभियंत्यांच्या आधी पोचलेला असतो तो ग्रामसेवक. २०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण लोकांसाठी तो ‘भाऊसाहेब’च. आता या पदावर बायकाही पुष्कळ आहेत, त्यांना ‘मॅडम’. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, पाणी, ग्रामसभा आणि घरकुल, सगळं याच टेबलावर. एकेकाकडे एकापेक्षा जास्त गावं.

घरकुलाचं काम बांधकामाचं असेल असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग ‘नाही’ म्हणण्याचा आहे. पहिली यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतून आली. पुढे २०१८ मध्ये सुटलेल्यांची पाहणी झाली आणि २०२५ मध्ये ‘आवास प्लस’चं नवं सर्वेक्षण मोबाइलवर, चेहऱ्याची ओळख पटवून झालं. दुचाकी असली की नाव बाद, ही जुनी अट गेली. मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर आली. तरी पाच एकर किंवा त्याहून जास्त जिरायत असली की घरकुल नाही.

मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांत ही अट कशी लागते ते बघावं. इथली पस्तीस गावं पाण्यासाठी वर्षानुवर्षं लढली, त्यासाठी निवडणुकीवर बहिष्कारही टाकला. पाऊस पडला नाही तर सहा एकर जिरायत म्हणजे सहा एकर धूळ. त्या धुळीचा मालक ऊसतोडीला जातो, माळवदाच्या गळक्या घरात राहतो आणि नियमाने अपात्र ठरतो. त्याला ते सांगायला जाणारी बाई किंवा माणूस त्याच गावात पुढची चार वर्षं काढणार असतो. सीमेलगतच्या गावांत कित्येकदा हे कन्नडमधून सांगावं लागतं. भाषा नीट येत नसेल तर शेजारच्या पोराला मध्ये घालावं लागतं, आणि तो पोरगा ते कसं सांगतो ते भाऊसाहेबांना कळत नाही.

पावसाळ्यातला फोन त्यांना नको असतो. माळवदाच्या छतावरची माती भिजून जड होते, तुळया वाकतात, भिंत बसते. संत चोखोबा याच मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. भिंतीखाली माणूस जाणं ही इथे जुनी दुखरी आठवण आहे. आजही झड लागली की ज्यांचं नाव प्रतीक्षा यादीत खाली आहे त्यांची घरं कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांसमोर येतात. एका ग्रामपंचायत अधिकारी मॅडमनी मला सांगितलं, “रात्री पाऊस वाढला की मी यादी आठवत बसते. कुणाला सांगणार? घरात नवरा म्हणतो, तुझी काय चूक? चूक नाही हे मलाही कळतं. पण झोप येत नाही.”

त्यात संशयाचा भार. घरकुलाच्या हप्त्यासाठी लाच घेताना पकडल्याच्या बातम्या राज्यात अधूनमधून येतात, आणि त्या खऱ्या असतात. एका गावात एकाने पैसे खाल्ले की शेजारच्या दहा गावांत प्रामाणिक माणसाच्या पाठीमागेही कुजबुज सुरू होते. हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण आधाराचा आणि सचोटीचा संबंध जवळचा आहे. एकटा पडलेला, वरून दाबलेला आणि खालून शिव्या खाणारा कर्मचारी दलालाला सहज सापडतो. अवघड प्रकरण दुसऱ्या कोणासमोर उघडं मांडायची रीत असली की ‘तुमचं मी बघतो’ म्हणणाऱ्या दलालाला शिरायला जागा उरत नाही.

दामाजीपंतांचं हे गाव. बहामनी राजवटीतला हा अधिकारी. दुष्काळात लोक दारात मरायला लागले तेव्हा त्याने सरकारी कोठारं उघडली आणि त्याला बीदरला बोलावणं आलं. लोककथेत विठ्ठल महाराच्या रूपात जाऊन रक्कम भरतो आणि भक्ताला सोडवतो. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. मला ती या वेळी कर्मचाऱ्याची कथा म्हणून ऐकू आली: समोर उपाशी माणूस, मागे हिशोब मागणारा दरबार आणि मधे एकटा दामाजी. आजच्या कर्मचाऱ्याने नियम मोडावा असं मी म्हणत नाही. त्याने त्या मधल्या जागी एकट्याने उभं राहू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आढावा

वरिष्ठांची देखरेख नाही असं नाही. उलट तीच जास्त आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत कार्यक्रम झाला, राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीची पत्रं आणि त्यातल्या १० लाखांना पहिला हप्ता देण्यात आला. एवढी मोठी संख्या एकदम खाली आली की तालुक्यातलं वेळापत्रकच बदलतं. जिल्ह्याची व्हिडिओ बैठक, तालुक्याची बैठक, व्हॉट्सअॅपच्या गटावर सकाळ-संध्याकाळ आकडे. मंजूर किती, पहिला हप्ता किती, जोतं किती, पूर्ण किती. रंगीत तक्त्यात मागे पडलेली गावं लाल.

आकडे विचारायलाच हवेत. लोकांचा पैसा आहे आणि घर वेळेत व्हायला हवं. महाआवास अभियानाने २०२० पासून चांगल्या कामाला बक्षिसं दिली, त्याने काही ठिकाणी हुरूपही आला. पण राज्यभर या बैठकांची रीत एकच आहे. नाव पुकारलं जातं, माणूस उभा राहतो, आकडा सांगतो, कारण सांगू लागला की “कारणं नकोत” ऐकतो आणि खाली बसतो. आणि जे कारण ऐकलं गेलं नाही तेच पुढच्या महिन्यात पुन्हा लाल होऊन येतं. दोन भावांत जागेचा वाद आहे, गायरानावरचं जुनं घर नियमित झालेलं नाही, वाळू मोफत पण ती आणायचं भाडं नाही, बाई ऊसतोडीला कारखान्यावर गेली आहे. या कारणांतच तर कामाची खरी माहिती असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणच्या, न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून केली. लक्षणं तीन: माणूस पार थकतो, कामाबद्दल तुटक आणि कडवट होतो, आणि आपल्या हातून काही होत नाही असं त्याला वाटू लागतं. दुसऱ्या लक्षणाचा फटका थेट गरिबाला बसतो. “उद्या या”, “मला काय विचारता” असं खेकसणारा कर्मचारी आपण सगळ्यांनी पाहिलाय. तो मुळात वाईट असेलच असं नाही. कित्येकदा तो पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या घरासाठी स्वतःच्या खिशातून झेरॉक्स काढून देणारा असतो.

किल्लारीनंतरच्या संवाद सहायक

हे काम वेगळ्या रीतीने करता येतं याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. जी गावं पूर्ण उठली त्यांचं पुनर्वसन नव्या जागी झालं, त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. त्याहून कितीतरी जास्त गावांत तडा गेलेली घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसे हप्त्यांनी, देखरेखीला सरकारी अभियंता आणि घर लोकांनी स्वतः बांधायचं. म्हणजे आजच्या घरकुलासारखीच रचना.

तिथे प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागाचं काम मिळालं. गावागावांतल्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. कोपऱ्यात दगडी जोड कसे घालायचे, भिंतीला पट्टा कुठे हवा, हप्ता कधी मागायचा, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. अभियंता आणि घरमालक यांच्यात त्या उभ्या राहिल्या. माझ्या मते त्या टिकल्या याचं कारण एवढंच की त्या सुट्या नव्हत्या. एका गावच्या बायका दुसऱ्या गावी जायच्या, केलेलं बघायच्या, अडलेलं एकमेकींसमोर मांडायच्या. अनुभवांची ही देवाणघेवाण संस्थेच्या कामाचा कणाच होती. अभियंता अरेरावी करतो, नवरा बाहेर पडू देत नाही, गावात नावं ठेवतात, असलं सगळं त्या बैठकांत बोलता यायचं. पुढे यातल्या कित्येक बायका गावच्या कारभारात आल्या.

तो कार्यक्रम संपला आणि ही रीत घरकुलाच्या यंत्रणेत आली नाही. तंत्र आलं, नकाशे आले, मोबाइल आला. संवाद सहायक आली नाही आणि तिला आधार देणारी बैठकही आली नाही.

एक तास

समाजकार्याचं शिक्षण घेणाऱ्याला हा आधार पहिल्या वर्षापासून मिळतो. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेली, पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली गेलेली संस्था असो की पुण्याची १९६३ सालची कर्वे समाज सेवा संस्था, क्षेत्रकार्याला जाणारा विद्यार्थी आठवड्याच्या आठवड्याला शिक्षकासमोर बसतो. काय पाहिलं, काय बोललो, कुठे राग आला, कुठे रडू आलं, हे लिहून आणतो आणि त्यावर चर्चा होते. अमेरिकी अभ्यासक आल्फ्रेड काडुशिन यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात अशा देखरेखीची तीन कामं सांगितली: प्रशासन, शिक्षण आणि आधार. आपल्या घरकुलाच्या यंत्रणेत पहिलं काम भरपूर होतं, दुसरं सुरुवातीच्या प्रशिक्षणापुरतं आणि तिसरं होतच नाही.

घरांच्या क्षेत्रात ही कल्पना आणखी जुनी आहे. ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी १८६५ पासून लंडनमध्ये गरिबांची घरं चालवली. भाडं गोळा करायला दर आठवड्याला त्यांच्या सहकारी बायका दारोदार जात, आणि त्या निमित्ताने गळकं छत, आजारी पोर, दारुडा नवरा हे सगळं बघत. हिलबाईंनी त्यांना स्वतः तयार केलं आणि वर्षानुवर्षं त्यांना पत्रं लिहून काम समजावलं. त्यांची काही मतं आज पटणार नाहीत, पण घरासाठी दार वाजवणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी असावं हे त्यांना नेमकं कळलं होतं. त्याच ब्रिटनमध्ये २०२० साली बुरशी लागलेल्या घरात राहणाऱ्या दोन वर्षांच्या अवाब इशाकचा मृत्यू झाला. २०२३ च्या कायद्याने तिथे सामाजिक गृहनिर्माणातल्या व्यवस्थापकांना व्यावसायिक अर्हता सक्तीची करायचं ठरलं. कर्मचारी कसा घडतो आणि कसा वागवला जातो यावर भाडेकरूचा जीव अवलंबून असतो, हे तिथे एका मुलाच्या मृत्यूनंतर मान्य झालं.

आपल्याकडे खेड्यातच एक ओळखीची रचना आहे. आशा ताईंच्या वर गटप्रवर्तक असते, अंगणवाडी सेविकांच्या वर पर्यवेक्षिका. त्यांच्याही मानधनाच्या आणि कामाच्या तक्रारी आहेत, पण निदान कल्पना अशी आहे की साधारण वीस-पंचवीस जणींमागे एक अनुभवी बाई गावात येईल, सोबत घरभेटीला जाईल, अडलेलं दाखवून देईल. घरकुलाच्या अभियंत्यासोबत जोत्यावर कोण येतं? तपासणीला येतात. सोबतीला कोणी येत नाही.

मग मंगळवेढ्यासारख्या तालुक्यात काय करता येईल? मला वाटतं, सुरुवात लहान असावी. पंधरा दिवसांतून एक तास, कामाच्या वेळेत, पंचायत समितीच्या बैठकीपासून वेगळा. सहा-आठ जण: काही अभियंते, काही ग्रामपंचायत अधिकारी आणि संगणकाचं काम करणारा ऑपरेटर, कारण खात्याचा एक आकडा चुकला तरी शिव्या त्यालाही बसतात. बैठक चालवणारा माणूस त्यांचा गोपनीय अहवाल लिहिणारा नसावा. निवृत्त उपअभियंता किंवा समाजकार्य शिकलेली अनुभवी व्यक्ती चालेल. प्रत्येक वेळी दोनच प्रकरणं घ्यायची, लाभार्थ्याचं नाव न घेता. आकडे विचारायचे नाहीत. धमकी, मारहाण किंवा बायकांना होणारा त्रास पुढे आला तर मात्र ते त्या तासापुरतं न ठेवता कायद्याच्या वाटेने पुढे न्यायचं. आणि ज्याला तासाभराच्या बोलण्याहून जास्त काही हवं आहे त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची वाट दाखवायची. हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ज्यांना मी विचारलं त्यांच्यापैकी कोणालाच तो माहीत नव्हता.

खर्चाचं म्हणाल तर योजनेच्या निधीतला काही वाटा प्रशासकीय कामासाठी आणि प्रशिक्षणासाठी असतोच. बैठक चालवणाऱ्याचं मानधन आणि चहा त्यातून निघायला हरकत नसावी. याने मानधनाचा आणि कायम नोकरीचा प्रश्न सुटत नाही, आणि तो सुटल्यासारखं कोणी दाखवू नये. अपुऱ्या पगारावर बोलण्याचा उतारा देणं ही फसवणूक होईल. दोन्ही हवं.

हे सगळं मी त्या अभियंत्याला आणि त्या मॅडमना एकत्र बसवून सांगितलं, आणि विचारलं, असा तास मिळाला तर पहिलं प्रकरण कुठलं घ्याल? अभियंता लगेच म्हणाला, एक लाभार्थी हप्त्याच्या मध्येच वारला, थोरल्या मुलाने पदरचे पैसे घालून जोतं वर आणलं आणि वारस म्हणून नाव धाकट्याचं लागायचंय. “नियम मला माहीताय. त्या दोघांसमोर उभं कसं राहायचं त्ये माहीत न्हाई.” मॅडमनी मान हलवली. त्या म्हणाल्या, “ते नंतर. आधी माझ्या सहा एकरवाल्या आजोबांचं घेऊ. पाऊस दोन आठवड्यांवर आलाय.” मग त्या दोघांची त्यावरच चर्चा सुरू झाली: आजोबांच्या उताऱ्यावर चुलत्याचं नाव अजून आहे का, वाटणी झाली असेल तर क्षेत्र पाच एकरांच्या आत येतं का, आणि तलाठ्याकडे ते कोणी विचारायचं.